आईच्या फ्लेक्सवर काय लिहू? मला तर फक्त हॉस्पिटल आठवतंय

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

पत्र लिहिणारी पुण्यात नोकरी करते, पस्तिशीची आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. माहेर कराडच्या बाजूचं. आई गावातच अंगणवाडी सेविका होती. अंडाशयाचा कॅन्सर कळला तेव्हाच तिसरी स्टेज. मग परळला टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या, दादरच्या धर्मशाळेत मुक्काम, केमो, ऑपरेशन, परत केमो, आणि दीड वर्षात आई गेली. आता पहिलं पुण्यस्मरण महिन्यावर आलंय. भावाने सगळं ठरवलंय, दहा ते बारा कीर्तन, बाराला पुष्पवृष्टी, मग महाप्रसाद, वेशीवर फ्लेक्स आणि तालुक्याच्या पेपरात जाहिरात. मजकूर मात्र हिने लिहायचा कारण 'तुला चांगलं लिहिता येतं'. ती लिहायला बसते आणि डोळ्यासमोर येतं ते फक्त पोटातलं पाणी काढायची पिशवी, डोक्याचा रुमाल, उलटीचा वास. त्याआधीची आई आठवतच नाही असं ती म्हणते. भावाला फोटो हवाय तो आईच्या पस्तिशीतला, त्यावर स्टुडिओवाल्याकडून जरीची साडी चढवून. तिला ते खोटं वाटतं. नैवेद्याला आईला काय आवडायचं असं आत्याने विचारलं तर बाप-लेक तिघांनाही सांगता आलं नाही. बाबा आईच्या फोनचा रिचार्ज दर महिन्याला करतात, चार्जिंगला लावतात, पण फोन उघडत नाहीत. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट अशी की आई चार-पाच महिने फोनवर सांगत होती, पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासात पोट भरतं, आणि ही म्हणत होती, 'उपवास कमी कर, गॅस झाला असेल'. पत्राच्या शेवटी प्रश्न असा की, 'आईच्या आयुष्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे का? आणि माझ्या लग्नावरून ती माझ्याशी सहा-सात महिने बोलत नव्हती, तेही लिहायचं का?'

---

प्रिय मैत्रिणी, तुला तूच म्हणते, चालेल ना?

आधी फ्लेक्सचं उरकू, कारण त्याला तारीख आहे. तुला वाटतंय की त्या मजकुरात अख्खी आई उतरली पाहिजे आणि ती उतरत नाही म्हणून तू अडून बसलीयेस. पण फ्लेक्सवर कोणाचीच आई अख्खी मावत नाही गं, येणारा-जाणारा गाडीवरून वाचणार, त्याला नाव, गाव, तारीख आणि एखादं खरं वाक्य पुरतं. 'मायेची सावली हरपली' लिहायला तुझा हात उचलत नाही तर नको लिहूस. असं लिही: 'कै. सौ. अमुक अमुक. आपल्या गावच्या अंगणवाडी सेविका. गावातल्या लेकरांची वजनं केली, पोलिओचे डोस पाजले, पहिलीत जायच्या आधी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. प्रथम पुण्यस्मरणाच्या कीर्तनाला सर्वांनी यावं.' बस. जाहिरातीलाही हेच चालेल. यात खोटं काही नाही, आणि गावात हे वाचणाऱ्यातल्या निम्म्या लोकांना आपलं स्वतःचं वजन तुझ्या आईने केलेलं आठवेल.

फोटोवरून भावाशी भांडू नकोस असं मी म्हणेन. तुझ्या पत्रात तो जरा 'दिखाऊ' वाटतो, पण तूच लिहिलंयस की प्रत्येक केमोला आईला घेऊन गाडीत बसणारा तो होता आणि तू सुट्टी मिळेल तशी जायचीस. म्हणजे जे तुझ्या डोळ्यासमोरून जात नाही ते त्याच्या डोळ्यासमोर तुझ्याहून जास्त असणार. तू कागदापुढे बसून अडतेस आणि तो केसांचा, जरीच्या साडीतला फोटो शोधत फिरतोय, दोघं एकाच गोष्टीपासून पळताय असं मला वाटतं. त्याला सांग, साडी नको चढवूस, आपण तिचा खरा, तब्येत चांगली असतानाचा फोटो शोधू. मिटिंगचा, ट्रेनिंगचा, मोर्च्याचा ग्रुप फोटो असेलच कोणाकडे तरी, आणि तो तुमच्या घरच्या अल्बममध्ये नसण्याची शक्यताच जास्त. रुमालातले फोटो घरात राहू देत, ते पुसायचे नाहीत, पण वेशीवर लावायचेही कारण नाही.

आता मुख्य दुखणं. आधीची आई आठवत नाही हे.

तू असं धरून चाललीयेस की आजारपणाने तुझ्या खऱ्या आठवणी खाऊन टाकल्या आणि आता हीच आई कायमची राहणार. मला तसं वाटत नाही. दीड वर्ष तू अर्धवट झोपेत, सतत कान टवकारून काढलीस, फोन वाजला की काळजात धस्स, रिपोर्ट उघडताना हात थरथरणार. असे दिवस अंगात घट्ट बसतात आणि लहानपणच्या साध्या दुपारी त्यांच्यापुढे फिक्या पडतात. त्या गेलेल्या नसतात. पण नुसतं डोळे मिटून 'आठव, आठव' केलं की त्या येत नाहीत, त्यांना निमित्त लागतं, कुणीतरी बाहेरून हात घालावा लागतो. आणि आजारपणातली आईसुद्धा तुझी आईच होती की. त्या दीड वर्षात ती फक्त पेशंट होती का? धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरच्या बाईशी ओळख, कुणाला कुठे रक्त द्यायचं ते सांगणं, नर्सला नावाने हाक मारणं, असलं काही केलंच असेल, जिने सगळी हयात घराघरात जाऊन गरोदर बायांची नावं रजिस्टरात चढवली ती गप्प पडून राहणारी नव्हेच. तो रुमाल आठवला की त्याखालचा चेहरा काय बोलत होता तेही थोडं आठवून बघ. जमलं तर. नाही जमलं तर सोडून दे, पुढच्या वर्षी जमेल.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस: 'तशी आई मुंबईला आधीही जायची, अंगणवाडीच्या मोर्च्यांना, महालक्ष्मीने.' मी तिथेच अडकले. तुझ्यासाठी मुंबई म्हणजे परळ, आणि तुझ्या आईसाठी? तीच महालक्ष्मी एक्सप्रेस, रात्रभर बसून, पिशवीत भाकरी-चटणी, सोबत दहा-पंधरा बायका, आणि उतरायचं दादरला नव्हे तर पार शेवटी सीएसएमटीला कारण आझाद मैदान तिथून चालत जवळ. मानधन वाढवा म्हणून उन्हात बसायचं, घोषणा द्यायच्या, आणि रात्रीच्या गाडीने परत येऊन सकाळी अंगणवाडी उघडायची. तुला माहितीये का ती घोषणा द्यायची की मागे बसायची? पहिल्यांदा गेली तेव्हा बाबा काय म्हणाले? समुद्र बघितला का? ही माहिती तुझ्याकडे नाही, कारण तू तेव्हा शाळेत होतीस आणि आई दोन दिवस नाही म्हणून रुसून बसली असशील. ती आहे तिच्या बरोबरच्या बायकांकडे.

म्हणून तुला 'हक्क आहे का' हा प्रश्नच मला थोडा उलटा वाटतो. तू एकटीने आठवायचं हे गृहीत कशाला? लेकीला आईचं आयुष्य फार तर निम्मं ठाऊक असतं, आणि त्यातही बहुतेक डबा, अभ्यास आणि ओरडा. उरलेलं मदतनीस बाईंकडे, बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, दुसऱ्या सेविकांकडे, मावशीकडे, तिच्या भिशीतल्या बायकांकडे. पुण्यस्मरणाला हे सगळे येणारच आहेत. तू दोन दिवस आधी जा, आणि शक्यतो प्रत्येकीला तिच्या घरी जाऊन भेट, मांडवात कुणी धड बोलत नाही. फोनचा रेकॉर्डर चालू कर, विचारून, आणि 'आईबद्दल काहीतरी सांगा ना' असं अजिबात म्हणू नकोस, त्याचं उत्तर 'लई चांगली होती बाई' एवढंच येतं आणि मग दोघी रडत बसता. कामाचं विचार. वजनाच्या दिवशी काय काय व्हायचं? तो टांगायचा काटा, त्याच्या झोळीत पोरगं बसवलं की ते बोंबलायचं, त्याला कसं गप्प करायची? वाढीच्या तक्त्यावर ठिपका खालच्या पट्ट्यात गेला, म्हणजे पोराचं वजन फारच कमी भरलं, तर त्या घरी जाऊन काय बोलायची? कुणाशी भांडण झालं होतं का, सरपंचाशी, सुपरवायझरशी? जेवायला काय आणायची डब्यात, आणि दुसरीच्या डब्यातलं काय उचलायची? नैवेद्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल बघ. घरात ती सगळ्यांना आवडतं तेच करून तेच खात होती, पण बारा-पंधरा वर्षं जिच्यासोबत डबा खाल्ला त्या बाईला नक्की माहीत असणार. तुझी आई बाबांच्या आधी गेली, म्हणजे दर पितृपक्षात तुमच्याकडे अविधवा नवमी येणार, तेव्हा पानावर इतर ठरलेल्या पदार्थांच्या जोडीला तो एक पदार्थ असू दे.

हे अंगणवाडीचं मी इतकं लावून धरतेय त्याला कारण आहे. १९७५ साली गांधी जयंतीला ही योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यात ती चालवली ती तुझ्या आईसारख्या बायकांनी, तुटपुंज्या मानधनावर. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा टीव्हीवर मोठे लोक दिसले, पण रविवारी सकाळी बूथवर बसून आणि मग उरलेली पोरं घरोघर शोधून डोस पाजणाऱ्या बायकांमध्ये तुझी आई होती. तुझ्या घरातली आठवण आणि देशाची आठवण इथे एकच आहे. हे तुझ्या लेकीला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता त्या गॅसबद्दल. हे मी पसरटपणे लिहिणार आहे कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी जणी हेच ओझं घेऊन बसल्यात.

अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा उशिराच सापडतो. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं, ही लक्षणं इतकी रोजची आहेत की बाई स्वतःही गॅसच म्हणते आणि पहिला डॉक्टरही बऱ्याचदा गॅसचीच गोळी देतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी आहे, स्तनासाठी आहे, पण अंडाशयासाठी सरसकट सगळ्या बायकांनी करावी अशी तपासणी आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं मोठा अभ्यास झाला, दरवर्षी सीए-१२५ ची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करून बघितली, २०२१ मध्ये निकाल आले, आणि काही जणींमध्ये आजार लवकर सापडूनही मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे ठरवून, यंत्रणा लावून, दरवर्षी शोधूनही जे साधलं नाही ते तू पुण्यात बसून फोनवर ओळखायला हवं होतंस असं तू स्वतःला म्हणतेयस. 'तेव्हाच दाखवलं असतं तर वाचली असती' हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही, तूही नाही. तू तिला उपवास कमी कर म्हणालीस ती काळजीच होती, त्या दिवशी तुझ्याकडे होती तेवढ्या माहितीवर केलेली.

बाकी वाचणाऱ्यांसाठी मात्र: पन्नाशीच्या पुढच्या बाईला असा त्रास नव्याने सुरू झाला आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत राहिला तर गॅसच्या गोळीवर न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, पोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ बद्दल विचारा. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी निघतं, पण विचारायचं.

आणि तुझ्यासाठी वेगळं एक. भाऊ आईची फाईल जाळून टाकू म्हणतोय ना, ती आधी ताब्यात घे. तीही आईची आठवण आहे, आणि तुमच्या कामाची. बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज समरी, आणि जनुकांची तपासणी केली होती का ते बघ. या कॅन्सरमध्ये साधारण पाच-सहा जणींमागे एकीला तो जन्मतः आलेल्या जनुकातल्या बदलामुळे होतो, बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही त्यातली मुख्य नावं. आईमध्ये तो बदल असेल तर तुझ्यात यायची शक्यता निम्मी आणि भावातही तेवढीच, हे फक्त मुलींचं नसतं, मावशीलाही लागू. आईची तपासणी झालीच नसेल तर आता काय करता येईल ते जेनेटिक काउन्सेलरला विचार, टाटा मेमोरियलकडेही त्यासाठी वेगळा विभाग आहे. घाबरवायला लिहीत नाहीये. माहिती असली की स्तनांची तपासणी कधीपासून आणि कशी करायची, पुढे अंडाशय काढायचं का, हे शांतपणे ठरवता येतं. पण पुण्यस्मरण होऊन जाऊ दे, मग अपॉइंटमेंट घे, एका महिन्यात सगळं अंगावर घेऊ नकोस.

फोनचं. बाबा रिचार्ज करतात म्हणून भाऊ वैतागतो हे मला समजतं पण बाबा बरोबर करतायत. प्रीपेड सिम सलग नव्वद दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि मग तो नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअॅप खातं साधारण एकशेवीस दिवस इंटरनेटला जोडलं नाही तर काढून टाकलं जातं. गुगलवरचे फोटो असतील तर दोन वर्षं खातं वापरलं नाही की तेही जाऊ शकतात. बरेच जण वर्षभराने धीर करून फोन उघडतात आणि आत काहीच नसतं. तेव्हा बाबांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, एकदा तो फोन वायफायला जोड आणि फोटो उतरवून घे. आईच्या व्हॉइस नोट तुझ्या स्वतःच्या फोनमध्येही आहेत, त्या चॅटमध्ये जाऊन 'एक्सपोर्ट चॅट' कर, मीडियासकट, आणि ती फाईल स्वतःला मेल कर, एक प्रत भावाकडे. ऐकायच्या नाहीत. ऐकायला अजून वर्ष लागो नाहीतर पाच, फक्त जपून ठेवायच्या. मला माझ्या ओळखीत असे लोक माहितीयेत ज्यांच्याकडे माणसाचे शंभर फोटो आहेत आणि आवाज एकही नाही, त्यांना सर्वात जास्त त्याचीच उणीव भासते.

लेकीने तुला विचारलं, 'आजीचे केस कुठे गेले होते?' आणि तू विषय बदललास. पुढच्या वेळी सांग. आजीला कॅन्सर नावाचा आजार होता, त्याचं औषध इतकं कडक असतं की त्याने केस गळतात, औषध देऊनही आजार बरा झाला नाही. हा सर्दीसारखा एकापासून दुसऱ्याला होत नाही हेही सांग, लहान पोरांना तीच भीती असते, बोलत नाहीत. नुसतं 'देवाघरी गेली' म्हटलं की काही मुलं परत कधी येणार म्हणून वाट बघत बसतात. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं, आणि दोन मिनिटांनी ती खेळायला पळाली तर त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. आणि त्याच बसण्यात काट्याच्या झोळीतल्या पोरांची गोष्ट सांग.

लग्नाचा अबोला. फ्लेक्सवर अर्थातच नाही, कीर्तनकार महाराजांना द्यायच्या माहितीतही नाही. पण तू स्वतःसाठी एक वही कर, आणि त्यात हे नक्की लिही, न गाळता. सहा-सात महिने न बोलणारी बाई पहिला फोन कधी करते, काय निमित्त काढते, काय बोलते, ते तुझ्याशिवाय कुणाकडेच नाही. तू पत्रात लिहिलंयस की पहिला फोन तिने लोणच्याच्या बरणीवरून केला होता. मला तर तुझ्या अख्ख्या पत्रात आई सगळ्यात जास्त तिथे दिसली. आईची आठवण म्हणजे तिचे गुणच गायला हवेत हे कुठून आलं आपल्याकडे कोण जाणे, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे ठीक, पण रागावलेली आई म्हणजे वाईट आई थोडीच. तू तिच्या कौतुकाचं लिहायला बसतेस म्हणून पेन अडतं. भांडणापासून सुरू करून बघ.

बाबांना वहीबद्दल सांग पण त्यांच्याकडून काही लिहून घ्यायच्या मागे लागू नकोस. ते रोज रात्री फोन चार्जिंगला लावतायत, तेवढं सध्या त्यांचं चाललंय. कधीतरी मोर्च्याचं विचार, सहज, चहा पिताना. बोलले तर बोलले.

आणि एक शेवटचं विचारते. झोप, जेवण, ऑफिस हे सगळं कसं चाललंय ते तू काहीच लिहिलं नाहीस. वर्ष होत आलं तरी रोजचे दिवस जड जात असतील, कामात मन लागत नसेल, किंवा आपणही नसावं असं कधी मनात येत असेल तर हे एकटीने ओढायचं नाही, कुणा मानसोपचारतज्ज्ञाशी बोल. लगेच बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. भावालाही नंबर देऊन ठेव, केमोच्या सगळ्या फेऱ्या त्याने केल्यात.